काहिलीतून नेलेले महसीर

आधार बिऱ्हाडे आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले ते चौऱ्याऐंशी साली. गाव तापीकाठचं, नरडाण्याहून एसटीने जायचं. मी तिथे मराठी शिकवत असे. सर पाचोऱ्याचे, वडील रेल्वेत गँगमन. त्यांनी मोठी नदी पाहिली होती ती फक्त गाडीच्या खिडकीतून, पुलावरून. म्हणून की काय, शाळा सुटली की ते थेट डोहावर जायचे. खिशात फुटाणे. फुटाणे टाकले की पाणी हलायचं आणि माणसाच्या मांडीएवढाले महसीर मासे वर यायचे. सोनेरी पाठ, रुपयाहून मोठे खवले.

झुलाल भोई आणि त्याची बायको धुरपदाबाई त्या डोहात जाळं टाकत. सर त्यांच्याजवळ बसत, जाळ्यात आलेला महसीर शिंप्याच्या टेपने मोजत, एक खवला काढून घेत.

झुलाल हसायचा. ‘‘मास्तर, मासाले झगा शिवी ऱ्हायनात का?’’

पण सर मागतील तेव्हा तो जाळं धरून थांबायचा. खवला शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सर मला हाक मारत, ‘‘बाई, या, वय बघा याचं.’’ झाडाच्या खोडात असतात तशी वलयं दिसत. मला त्यातलं फार कळत नसे, पण सरांचा आनंद बघायला मी जायचेच.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात नदी तुटली. धार थांबली, नुसती डबकी राहिली. डोह गुडघ्याएवढा झाला. त्यातच एका सकाळी कुणीतरी विहीर खोदायच्या सुरुंगाचा तोटा पाण्यात फोडला. आवाज शाळेपर्यंत आला. आम्ही पोचलो तेव्हा लहान मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते आणि तोटा फेकणारे पळून गेले होते. मोठे महसीर मात्र खडकाच्या कपारीत जिवंत होते, गढूळ पाण्यात तोंड उघडत, मिटत.

सर म्हणाले, ‘‘खाली संगमाच्या डोहात अजून पुरुषभर पाणी आहे. तिकडे नेऊ यांना.’’

झुलाल चिडला. ‘‘हातमा येल मासा सोडी देऊ? पोरंसोरं काय खातीन?’’

त्याचं चूक नव्हतंच. तेवढ्यात धुरपदाबाई पाण्यात उतरली. सगळ्यात मोठ्या माशाच्या पोटाखाली तिने हात घातला आणि नवऱ्याला म्हणाली, ‘‘पोटमा गाबोळी शे हिना. हाई मरनी ते पुढला साल जाळामा काय येई? दगड?’’

झुलाल उठला आणि गुऱ्हाळवाल्या धनसिंग आबांची रस आटवायची काहील मागायला गेला.

ऊस संपला होता, काहील रिकामीच होती. बैलगाडीवर ती चढवली, पाण्याने भरली. ओल्या गोधडीच्या झोळीत घालून एकेक मासा वर घेतला. वाटभर सर काहिलीजवळ उभे राहून बादलीने पाणी उचलून वरून ओतत होते, माशांना हवा मिळावी म्हणून. गाडी हिंदकळली की निम्मं पाणी त्यांच्या अंगावर. मागून सगळं गाव चालत होतं, बाया डोक्यावर भरल्या कळशा घेऊन. असली वरात मी पुन्हा पाहिली नाही.

दुपारपर्यंत फेऱ्या चालल्या. सगळे मासे जगले, ती अंड्यांनी भरलेली, गाबोळीची मादी सोडून. संगमाच्या काठावरच तिने जीव सोडला. धुरपदाबाईने पदराने तिच्या डोळ्यावरची माती पुसली. सरांनी खवला घेतला, पण तो शाळेत न नेता सूक्ष्मदर्शकच चावडीवर आणला. लोक रांगेने वाकून बघत होते.

‘‘वीस वर्षांच्या आसपासची होती,’’ सर म्हणाले. ‘‘वीस पूर पाहिलेत हिने.’’

धनसिंग आबा खवल्यावरून डोळा काढेनात. ‘‘म्हणजे मना धाकलापेक्षा मोठी,’’ ते हळूच म्हणाले. यापुढे नदीत तोटा फेकेल त्याला गावाने वाळीत टाकायचं, हे त्याच संध्याकाळी ठरलं. संगमाच्या डोहात पावसाळा संपेपर्यंत जाळंही टाकायचं नाही, हे झुलालनेच सुचवलं.

पुढे सरांनी संगमावर पुष्कळ वर्षं काढली. पूर आला की महसीर वर कुठपर्यंत चढतात हे बघायला ते आणि झुलाल होडी घेऊन जायचे आणि चिखलाने माखून परतायचे. धुरपदाबाई दोघांनाही एकाच आवाजात रागवायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढायची. शहाण्णवला सरांची जळगावला बदली झाली. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, हार झाले. झुलाल त्यात नव्हताच. तो एसटीच्या थांब्यावर उभा होता. सरांची ट्रंक टपावर चढवून खाली उतरला आणि म्हणाला, ‘‘मास्तर, पाऊस पडना की या. होडी बांधी ठेवस.’’

सर येत राहिले. मीच मग धुळ्याला आले, आणि तापी मला आता फक्त एसटीतून जाताना, पुलावरून दिसते.