हेडसेट, चष्मा आणि आई

चाळिशी उलटल्यावर मी विमान चालवायला शिकायला लागले, तेव्हा आईने अबोला धरला. तो सुटला तेव्हा एवढंच म्हणाली, "पडलीस तर मला सांगू नकोस."

विमान लहानसं, दोघांपुरतं. इंजिन सुरू झालं की मिक्सरच्या भांड्यात बसल्यासारखं वाटतं. फ्लाइंग क्लबातला हेडसेट जुना आणि इतका घट्ट, की उतरेपर्यंत कानशिलं ठणकत. एकदा मी तो जरा सैल केला आणि नेमकी रेडिओवरची सूचना हुकली. शिक्षक शांतपणे म्हणाले, "असं असेल तर मी तुम्हाला एकटीला सोडणार नाही." घरी येऊन मी जाहीर केलं, चांगला हेडसेट शोधते, तरीही डोकं दुखलं तर हा नाद सोडला. त्या संध्याकाळी आईने शिरा केला.

क्लबातल्या दोघांनी आपापले हेडसेट रविवारपुरते दिले. एक जड, नुसत्या जाड गाद्यांनी आवाज अडवणारा. दुसरा हलका, बॅटरीवरचा. बटण दाबलं की इंजिनाची घरघर दाबून टाकणारा. घरच्या शांततेत दोन्ही छानच वाटले असते. पारखायला इंजिन हवं, म्हणून मी नदीपार जाणारी हावड्याची लाँच गाठली. आई देखरेखीला आली.

इंजिनाच्या झाकणालगतच्या बाकावर बसून आम्ही बाबूघाट ते हावडा, पुन्हा तिकीट काढून हावडा ते बाबूघाट, अशा खेपा मारल्या. कोणतं गाणं ऐकताय, असं शेजारच्या बाईंनी कौतुकाने बंगालीत विचारलं, "की गान शुनछेन, दिदी?" उत्तर आईनेच दिलं, "इंजिनेर गान."

जड हेडसेटने पहिल्याच खेपेत डोकं धरलं. हलक्याने घरघर कमी झाली, पण गेली नाही, आणि पुढच्या खेपेला कानामागे तीच जुनी कळ आली. मी तो काढून मांडीवर ठेवला. खरं सांगते, रडू येत होतं.

आईने तो उचलून आपल्या कानांवर चढवला. "अगं बाई! इंजिन बंद पडलं की काय?" ती एवढ्याने ओरडली की अर्धी लाँच वळून बघायला लागली. मग हेडसेट हातात धरून ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. हावड्याचा धक्का आला.

"चष्मा काढ," शेवटी म्हणाली.

"कशाला?"

"काढ म्हणते ना. कानामागे वळ उठलेत बघ. काड्या केवढ्या जाड! गादी नीट टेकतच नाही, फटीतून आवाज शिरतोय."

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिचा चष्मा सुटलाय, म्हणून तिच्या कानांवर गादी नीट टेकली, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी चष्मा काढला, हेडसेट चढवला. घरघर गेली, कळही गेली. ती गप्प बसली असती तर माझं उडणं त्याच धक्क्यावर संपलं असतं, आणि तिला तेच तर हवं होतं. मला तिला तिथेच मिठी मारावीशी वाटली. परतीच्या वाटेवर बारीक तारेच्या काड्यांची फ्रेम तिनेच पसंत केली. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

पुढे एका सकाळी मी आईला सांगून निघाले, की आज एकटीने उडायचंय. शिक्षक उतरले, दार लावलं. वर गेल्यावर बजबज गावाच्या बाजूला नदी चमकत होती आणि कानात फक्त रेडिओ, स्वच्छ. मी मोठमोठ्याने मराठीत स्वतःशी बोलत होते. उतरल्या उतरल्या आईला फोन केला.

"डोकं दुखलं?"

"अजिबात नाही."

"अरेरे," आई म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "ये लवकर. शिरा करून ठेवलाय."