पट्टा निसटला तेव्हा

वाण्याकडे तांदळाच्या कण्यांचं पोतं उघडलं की त्या पिठूळ वासासरशी मला आमचं चारकोपचं बैठं घर आठवतं. सासूबाईंनी गावाहून कोंबडी आणली होती, तिने मागच्या अंगणात जाळी लावलेल्या खुराड्यात पिल्लं काढली, आणि रस्त्यावरून आणलेला आमचा कुत्रा जाळीबाहेर बसून लाळ गाळू लागला. रोज संध्याकाळी मी त्याला पट्टा लावून जाळीपाशी बसवायचे. पिल्लांवरची नजर काढून त्याने माझ्याकडे बघितलं की बिस्कीट द्यायचे. एकदा सासूबाईंनी कण्या टाकायला जाळीचं दार उघडलं आणि नेमका माझ्या हातून पट्टा निसटला! तो सुसाट आत! "गो, धर त्येका! पिलां खातलो तो!" सासूबाई ओरडल्या. पण कोंबडीच पिसं फुगवून त्याच्या अंगावर धावली आणि नाकावर अशी चोच हाणली की तो केकाटत मागे सरला. "बस!" मी कशीबशी म्हणाले. आणि तो चक्क बसला, माझ्याकडे बघत! तेवढ्यात एक आगाऊ पिल्लू त्याच्या पंजावर चढलं. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या. त्याने ते नुसतं हुंगलं आणि शेपूट हलवली. "झकास रे माझ्या राजा!" मी किंचाळलेच. त्याला कधी हात न लावणाऱ्या सासूबाईंनी त्याचं डोकं कुरवाळलं. जाळी आणि पट्टा आम्ही त्यानंतरही सोडला नाही. आता मी उंच इमारतीत राहते, पण ही गोष्ट सांगताना माझा आवाज इतका चढतो की शेजारीण दार उघडून विचारते, "काय गं, काय झालं?"