सगुणबाबांचं कदेल

पेडण्याच्या बाजारात सगुणबाबांचं किराणा दुकान होतं. तिथे गिऱ्हाइकाला ‘काय देऊ?’ असं कोणी विचारत नसे. तराजूमागच्या वेताच्या खुर्चीत बसलेले सगुणबाब मान वर करून विचारत, “घरात काय आसा?” उत्तर मिळेपर्यंत त्यांचा हात पुड्याच्या कागदाकडे जात नसे. नवखा माणूस गोंधळे. सवयीचा माणूस वाटेतच घरातले डबे आठवत येई.

मी कॉलेजसाठी डिचोलीहून पेडण्यात आले, तेव्हा आम्ही तिघी मुली एका खोलीत राहत होतो. पहिल्या दिवशी आईने लिहून दिलेली यादी घेऊन दुकानात गेले. सगुणबाबांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि परत दिली. “ही तुज्या आवयच्या घरची यादी. तुज्या घरात काय आसा?” मी सांगितलं : स्टोव्ह, दोन पातेली, लोणच्याची बरणी, घरून आणलेले नारळ. त्यांनी उकडे तांदूळ, मूगडाळ, मीठ आणि मूठभर सोलं, म्हणजे आमसुलं, बांधून दिली. नारळ आहे म्हणजे कढी होते, असं म्हणाले. एवढ्यावर भागेल का, ही माझी शंका त्यांनी चेहऱ्यावरून ओळखली असावी. “सरलें की ये, बाये. पसरो खंय वचना.” दुकानाला ते पसरो म्हणत, आणि दुकान कुठे जात नाही हे त्यांचं नेहमीचं आश्वासन होतं.

कॉलेजच्या मुलांना ते दुकान स्वस्त वाटे. भाव इतरांसारखेच होते. पण आहे ती वस्तू पुन्हा घेऊ दिली जात नसे आणि चहापूडही चार दिवसांपुरती मिळे. “आसा तेंच परत घेतलें की तें म्हारग,” असं सगुणबाब म्हणत. शेजारचा सलूनवाला म्हणायचा, सरकार दहा वर्षांनी शिरगणती करतं, आमचे सगुणबाब रोज करतात.

या सवयीने माणसं दुखावतही. कॉलेजातले एक प्राध्यापक एकदा मीठ आणि चहा घ्यायला आले. घरात अबोला होता आणि बायकोकडे काही मागायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. हे बाजाराला माहीत नव्हतं. सगुणबाबांनी ओळखलं, कारण आदल्याच दिवशी त्यांची बायको दोन्ही वस्तू घेऊन गेली होती. “मीठ घरात आसा, सर. तिका विचारा,” असं ते चार गिऱ्हाइकांसमोर बोलले. प्राध्यापक तडक समोरच्या दुकानात गेले आणि पुढे बरेच दिवस तिथेच जात राहिले. आपलं चुकलं असं सगुणबाबांना वाटलं नाही. दुसऱ्याच्या घरातलं भांडण आपल्या तराजूवर येऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ते एकदाच गप्प झालेले मी पाहिले. जवळच मोपाला विमानतळाचं काम सुरू होतं. बेळगावकडची एक कामगार बाई दुकानात आली. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, “घर कुठलं मामा, पत्रा आहे.” सगुणबाबांनी तिने मागितलं तेवढं मुकाट्याने जोखून दिलं. त्यानंतर कामगारांपुरता त्यांनी प्रश्न बदलला : आज चुलीवर काय चढणार? काही दिवसांनी तीच बाई पुढे होऊन सांगू लागली, आज आमटी, आज नुसती भाकरी. सगुणबाब त्याप्रमाणे पुड्या बांधत.

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि पत्नीही गेली. मुलगा वास्कोला बंदरात नोकरीला होता, तो त्यांना घेऊन गेला. दुकानाची जागा गावच्या सहकारी सोसायटीची होती. शटर खाली आलं ते तसंच राहिलं. बाजारातली, समोरच्यासकट, आणखी काही किराणा दुकानं मोबाइलची आणि कपड्यांची झाली. आता किराण्यासाठी हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात जावं लागे, त्याला स्कूटर लागे, आणि तिथली पाकिटं खोलीतल्या फळीवर मावत नसत. कॉलेजची मुलं बिस्किटांवर दिवस काढू लागली.

मी तोवर वार्ताहर झाले होते. सोसायटीने त्याच जागेत विद्यार्थी आणि कामगारांसाठी स्वस्त किराणा दुकान काढायचं ठरवलं, त्याची बातमी मी दिली. छापून आली त्या सकाळी वास्कोहून फोन आला. आवाज सगुणबाबांचा होता. “बातमी वाचली. माजें कदेल खंय दवरलां?” कदेल म्हणजे ती वेताची खुर्ची. ती सोसायटीच्या माळ्यावर असल्याचं मी चौकशी करून कळवलं. त्यांना पगार नको होता. दुकानात बसू द्यावं, एवढंच मागणं होतं. सोसायटी तयार होती. मुलाचीही अट एकच होती : दुकान सुरू झालं की पेडण्याला चुलत्यांकडे नेऊन ठेवतो, त्याआधी रिकाम्या बाजारात बसायला नाही.

त्यानंतर फोन नियमित येऊ लागले. परवाना आला का, रंग झाला का, फळ्या कोणाकडून करून घेताहेत. कामं रखडत होती. मी आहे तसं सांगत असे.

एकदा कामानिमित्त वास्कोला गेले तेव्हा त्यांना भेटले. ते मला घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये घेऊन गेले. रोज सकाळी तिथे येतात, असं सून म्हणाली होती. ते काही घेत नव्हते. तेलाच्या फळीपाशी उभे राहून लोकांच्या टोपल्यांत बघत होते. एका तरुणाने तेलाचे दोन डबे उचलले. सगुणबाबांचे ओठ हलले. पहारेकऱ्याने त्यांना अदबीने बाजूला व्हायला सांगितलं. बाहेर आल्यावर म्हणाले, “हांगा कोणाच्या घरात काय आसा, माका खबर ना.” परत घरी जाईपर्यंत दुसरा विषय निघाला नाही.

फळ्या लागल्यावर मुलगा त्यांना एक दिवस पेडण्याला घेऊन आला. सोसायटीच्या चेअरमननी कौतुकाने सगळं दाखवलं. गिऱ्हाइकाने टोपली घ्यायची, हवं ते उचलायचं, दाराशी बिल करायचं. कदेल पुसून बिलाच्या यंत्राशेजारी ठेवलं होतं. सगुणबाब त्यात बसले, खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर हात फिरवला आणि फळ्यांकडे पाहत राहिले. मग चेअरमनना म्हणाले, “भायर सरतना विचारून कितें उपेग?”

चेअरमन हसले. म्हणाले, सगुणबाब, तुम्हांला आत येणाऱ्याला अडवायचंय तर. सगुणबाबांनी मान डोलावली. मुलाने आणि चेअरमननी मिळून कदेल उचललं आणि आत शिरण्याच्या जागी, टोपल्यांच्या चळतीजवळ ठेवलं. ते पुन्हा बसले. तिथून रस्ता दिसत होता. कॉलेज सुटलं होतं, मुलं पाठीला बॅगा लावून जात होती. मुलगा दोनदा निघू या म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा ते उठले.

शेवटचा फोन संध्याकाळचा. उद्घाटन पुढच्या महिन्यात असल्याचं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, “तुज्या घरात काय आसा?”

मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात गेले आणि डबे उघडून सांगत गेले. तांदूळ आहेत. तूरडाळ थोडी आहे. अर्धा नारळ, कांदे, चहापूड. मीठ भरपूर. सोलांची बरणी रिकामी.

“सोलां घे,” ते म्हणाले. “बाकी नाका.”

त्याच आठवड्यात ते वास्कोला झोपेतच गेले. उद्घाटन पुन्हा पुढे गेलं आहे. शटरच्या जाळीतून आत टोपल्यांची चळत दिसते आणि तिच्याजवळ कदेल. सोसायटीने ते हलवलेलं नाही.

हमरस्त्यावरच्या दुकानात सोलं मिळतात. मी अजून घेतलेली नाहीत.