वादळाआधीची बांधाबांध

बाबा माझ्याकडे नेदरलँड्सला, नायमेखनला आले आणि आठवडाभरात आमच्या घरातली प्रत्येक हलणारी वस्तू बांधली गेली. बाल्कनीतल्या खुर्च्या कठड्याला, कचऱ्याचा डबा पाइपला, कुंड्या एकमेकींना. पाहुणे येणार म्हणून लोक घर आवरतात. आमच्याकडे पाहुण्यानेच घर जखडून ठेवलं. मी कुरकुरले की म्हणायचे, "सवय आहे गं. सुटं काही दिसलं की जीव थाऱ्यावर राहत नाही."

बाबांची सगळी नोकरी विमानवाहू जहाजावरच्या एका लढाऊ स्क्वॉड्रनमध्ये गेली. ते वैमानिक नव्हते. उतरलेलं विमान ढकलत डेकवरच्या जागेवर न्यायचं, साखळ्यांनी जखडायचं आणि उडायची वेळ झाली की सोडायचं, हे त्यांचं काम. साखळी ढिली राहिली तर डोलत्या डेकवरून विमान समुद्रात जायचं, आणि मध्ये माणूस आला तर तोही.

त्या स्क्वॉड्रनची जुनी विमानं आता भंगारात गेलीत, नाहीतर कुठल्या तरी चौकात चौथऱ्यावर उभी आहेत. वैमानिकांनी आपला इतिहास लिहून घेतला. त्यात विमानं आपोआप उडतात, असं बाबांचं मत. म्हणून डेकवरच्या म्हाताऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवलं की आपला आपणच लिहायचा, आणि ते काम बाबांच्या गळ्यात पडलं. शनिवारी सकाळी ते सांगायचे, मी टाइप करायचे. आधीची विमानं डेकवर ताणलेल्या तारेत शेपटीचा आकडा अडकवून थांबायची. नंतर आली ती हवेतच थबकून सरळ खाली उतरायची. "ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, संपलं आपलं काम. पण उतरल्यावर बांधायला माणूस लागलाच!" एवढं सांगून ते उठायचे, बाल्कनीत जाऊन वारा बघायचे, परत यायचे, परत उठायचे. पान काही पुढे सरकायचं नाही.

माझंही चित्त ठिकाणावर नव्हतं. आई गेल्यापासून बाबा पुण्यात एकटे. फोन दोनदा वाजून उचलला नाही की ऑफिसात मी काम सोडून पुन्हापुन्हा फोन लावत बसायचे. मला ते कायमचे इथे हवे होते. त्यांना इथे राहायची परवानगी मिळावी म्हणून मी इथल्या वकिलाशी बोलले होते. अवघड आहे, पण प्रयत्न करू म्हणाला. पुण्यातल्या फ्लॅटला गिऱ्हाईक बघायला चुलतभावाला सांगूनही ठेवलं होतं. बाबांना सगळं ठरल्यावर सांगू, असा माझा बेत होता.

अशात वादळाचा इशारा आला, कोड ऑरेंज. मी घरूनच काम करत होते, दार लावून, एकामागून एक मीटिंग. दुपारभर बाबा खाली होते हे मला कळलंच नाही.

कळलं ते सकाळी, बेल वाजली तेव्हा. बाबांनी नायलॉनच्या दोरीने इमारतीसमोरच्या सगळ्या सायकली बांधून टाकल्या होत्या. कुलपं लावलेल्या सायकली! प्रत्येकीला दोन बाजूंनी दोरी, आणि पावसाने गाठी अशा आवळलेल्या की नखं तुटावीत. कुणाची ट्रेन चुकत होती, कुणाचं पोर शाळेला उशीर म्हणून रडत होतं. बाबा स्लिपर घालूनच खाली धावले आणि भराभर गाठी सोडायला लागले. समोरच्या इमारतीच्या सायकली वाऱ्याने एकमेकींवर कोसळून पडल्या होत्या, आमची एकही नाही. मी ते बोलूनही दाखवलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

तळमजल्यावरची बाई शिक्षिका आहे. ती शांतपणे इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या मनात चांगलंच होतं. पण सायकल माझी आहे. मला विचारायला हवं होतं." इथे लोक असंच तोंडावर सांगतात. मला तिचा संताप आला.

वर आल्यावर मी चहा टाकला आणि तणतणायला लागले. बाबा म्हणाले, "बाई बरोबर बोलली. विचारायला हवं होतं." मग त्याच आवाजात, "फ्लॅटला गिऱ्हाईक बघतेयस म्हणे."

चुलतभावाच्या तोंडात तीळ भिजत नाही. "तुमच्या काळजीनेच ना, बाबा!"

"मग सायकली मी काय वैरानं बांधल्या?"

चहा उतू गेला.

"हे लिहायचं राहिलंय बघ," ते म्हणाले. "जहाज बंदरात शिरायच्या आधीच आमची ती तारेवाली विमानं उडून किनाऱ्यावरच्या तळावर जायची. धक्क्याला लागलेल्या जहाजावरून त्यांना उडता यायचं नाही, पुढून वारा मिळत नाही ना. महिनोन् महिने जहाजावर काढायचे, पण घर किनाऱ्यावर. मला अजून उडता येतंय, तोवर जाऊ दे."

"आणि तिकडे एकट्याला काही झालं तर? मला भीती वाटते, बाबा."

"मलाही वाटते," ते म्हणाले.

ते उठले नाहीत, वारा बघायला गेले नाहीत. एवढा वेळ एका जागी बसलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. मग मी पहिल्यांदाच विचारलं, "बाबा, राहाल इथे? माझ्यासाठी?"

त्यांनी माझा हात हातात घेतला, घट्ट धरला, आणि म्हणाले, "नाही गं."

हेच उत्तर येणार हे मला माहीत होतं. म्हणून तर इतके दिवस मी विचारलं नव्हतं.