मडक्यातला पांढरा खडा

रोमन अमलातल्या पेर्गाममच्या नदीकाठी त्रिफैनाची चर्मपत्रं नावाजलेली. नवरा वारल्यावर चुन्याची टाकी, कातडी ताणायच्या चौकटी, अर्धचंद्री सुरी, सगळं तिनंच सांभाळलं. हात पक्का, पण बाई मुळातच भित्री. दार वाजलं की काळजात धस्स व्हायचं. त्यात ती ख्रिस्ताच्या मंडळींतली, आणि नुकतंच गावात त्यांच्यातल्या एकाला त्या श्रद्धेपायी हालहाल करून मारलं होतं.

एका सकाळी फिलेतास म्हाताऱ्यानं मंडळींना दुरून आलेलं पत्र वाचून दाखवलं. जो टिकून राहील त्याला पांढरा खडा मिळेल, त्यावर नवं नाव कोरलेलं असेल, असं काहीसं त्यात होतं. खड्याला ग्रीक शब्द होता प्सेफोस.

"आजोबा, हा कुठला खडा?" त्रिफैनानं विचारलं. "कोर्टात मडक्यात टाकतात तो? पांढरा म्हणजे सुटला, काळा म्हणजे मेला?"

"तोही असेल. मेजवानीला आत जाताना दारात दाखवायचा असेल. नदीतला साधा गोटाही प्सेफोसच की."

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही!"

"नाही ना, पोरी."

तिनं मात्र मनाशी सोयीचा अर्थ धरला: आपण टिकलो तर आपला निकाल पांढराच लागणार.

आठवड्याभरात कातडीवाल्यांच्या संघाचा प्रमुख मेनेक्रातेस दारात उभा राहिला. नवऱ्याचा जुना मित्र.

"वहिनी, उद्या देवळात संघाचं जेवण आहे. गेल्या वर्षी तुम्हाला ताप आला, त्याच्या आदल्या वर्षी पाय मुरगळला. यंदा काय मोडणार?"

त्रिफैनाला हसू आलं नाही. "देवापुढं कापलेलं मांस मला चालत नाही, भावोजी."

"घासभर खा हो! कोण मोजतंय? लोक कुजबुजताहेत. उद्या खाल्लं नाहीत, तर तुम्हाला संघात ठेवायचं की नाही, यावर मला खडे टाकून घ्यावे लागतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मांसाचं ताट पुढं आलं. हात आपोआपच ताटाकडे जाईल असं तिला वाटलं. तिनं तो पदराखाली दाबून धरला. "मला भीती वाटतेय," ती म्हणाली, "पण मी खाणार नाही."

मडकं फिरलं. खडा पडला की टक् आवाज यायचा. मेनेक्रातेसनं मडकं पालथं केलं. पांढरे सात, काळे अकरा.

"संघातून तुमचं नाव गेलं, वहिनी," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही ख्रिस्ताच्या मंडळींतल्या, हे मी आपणहून वर सरकारात कळवणार नाही. पण कुणी विचारलंच, तर खोटंही बोलणार नाही."

ती धावतच फिलेतासकडे गेली. "काळा निघाला, आजोबा! मी टिकले, तरी काळा!"

"ते खडे त्यांचे होते गं," म्हातारा म्हणाला. "पत्रातला आपला खडा मिळायचा अजून बाकी असेल." तिला ते पटलं की नाही, कुणास ठाऊक.

गावातलं काम सुटलं. नदीच्या वरच्या अंगाला एका खेड्यात ती धनगरांची कातडी घासून देऊ लागली. तिसऱ्या वर्षी भर दुपारी चार शिपाई अंगणात आले. आपल्याला धरायलाच आलेत असं समजून तिनं सुरी खाली ठेवली आणि विचारायच्या आधीच आपलं नाव सांगितलं.

"नाव काय करायचंय, बाई? पाणी दे," त्यातला एक म्हणाला.

ते पाणी पिऊन निघून गेले. ती मात्र उंबऱ्यावर बसली, ती दिवस कलेपर्यंत उठली नाही.