दाराशी काढलेले बूट

ऐंशीच्या दशकातला, इंग्लंडमधल्या श्रूजबरीतला हिवाळा. एका मैत्रिणीकडचं संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपून घरी आले, तर तांदळाच्या डब्यात दडवलेल्या आईच्या पाटल्या गायब! माझा जीव नुसता खालीवर. नवरा म्हणाला, "शांत हो." शांत कसली होतेय! आईची तेवढीच एक वस्तू माझ्यापाशी होती. मी सरळ पोलिसांना फोन लावला.

तपासाला आलेला माणूस ताडमाड उंच, जरा लंगडणारा. मूळचा चेकोस्लोव्हाकियाचा, तरुणपणी देशासाठी अडथळ्यांची शर्यत धावायचा. एका स्पर्धेसाठी परदेशी गेला तो परतलाच नाही. हे त्यानं बुटांच्या नाड्या सोडता सोडता सांगितलं. हो, दाराशी बूट काढले त्यानं, न सांगता! इथल्या लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखायचं.

"आमच्याकडेही असंच," तो म्हणाला.

मग तो आमच्या फिकट कार्पेटकडे बघत उभा राहिला. बाहेर घोटाभर बर्फाचा चिखल, आत एक डाग नाही. कुलूपही शाबूत.

"बाई, इथला चोर बूट काढून घरात शिरत नाही. दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

दुसरी किल्ली माझ्या धाकट्या दिराकडे. हॉस्टेलवर राहायचा, सुट्टीच्या दिवशी हक्कानं जेवायला यायचा. आताही भावाचा फोन गेल्यावर धावत आलेला, टेबलाशी बसला होता. मी मराठीत विचारलं, "काय रे?" त्यानं मान वर केली नाही. नवरा उठून खिडकीशी गेला.

त्या पोलिसाला मराठी कशाला कळायला हवं होतं! तो दाराशी जाऊन खाली बसला. "मी पळालो आणि माझ्या भावाला धरून नेलं," तो बुटाकडे बघत म्हणाला. "पुन्हा भेट नाही. माझा गुडघा वाकत नाही, बूट घालायला वेळ लागतो. तोवर पाटल्या सापडल्या तर सांगा."

मी स्वयंपाकघरात गेले, उगाच डबे उघडले, लावले, पुन्हा बाहेर आले. संताप, रडू, सगळं एकदम येत होतं.

"सापडल्या," मी म्हणाले.

त्यानं माझ्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं. "बरं झालं," म्हणाला आणि गेला.

पाटल्या मला पुन्हा कधी दिसल्या नाहीत. दीर आता मोठा माणूस झालाय. दिवाळीला येतो, बूट दाराशी नीट भिंतीला लावून ठेवतो, वाकून नमस्कार करतो. माझ्या हातांकडे तेवढं बघत नाही. मेल्या, एकदा बघ तरी!