कॅमेरा घ्यायचाय, पण पोरगी दिसली पाहिजे

कॅमेरावाल्या माणसाकडे फोटो कमी आणि किस्से जास्त असतात, हे मला आमच्या पक्षी-फोटोवाल्या ग्रुपमध्ये आल्यावर कळलं. फोटो हलतो, काळा येतो, कार्डासकट हरवतो. किस्सा मात्र दर रविवारी थोडा जाड होऊन परत येतो! आणि मी स्वतःचा कॅमेरा घ्यायचं ठरवल्यापासून तर कॅमेऱ्याआधी किस्सेच घरात यायला लागले.

सुरुवात एका न झोपलेल्या रात्रीने झाली. त्या सकाळी मूल गावच्या तलावावर मी मागून आणलेल्या कॅमेऱ्याने एका जांभळ्या पाणकोंबडीचा फोटो काढत होते. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्यात. फोटो झाला, मान वर केली, तर माझी साडेचार वर्षांची गार्गी शेजारी नव्हती. चाळीस पावलांवर बकऱ्यांना बिस्किटं चारत होती. झालं काहीच नाही, बकऱ्यांनी पुडा संपवला एवढंच. पण आमच्या या वाघ-बिबट्यांच्या जिल्ह्यात चाळीस पावलं हे अंतर आईची झोप उडवायला पुरतं. रात्रभर एकच प्रश्न: कॅमेऱ्याला डोळा लावला की पोरीकडे कोण बघणार?

नवऱ्याला, अमितला, सकाळी विचारलं. तो घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात असतो, पाळी संपवून नुकताच आला होता. जांभई देत म्हणाला, "मग नको घेऊस."

इतका सोपा उपाय ऐकल्यावर माझं पक्कंच झालं. घेणार! पण असा घेणार की फोटोही निघेल आणि पोरगीही दिसेल. तसा कॅमेरा कोणी बनवलाय का, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. खरं तर आजही खात्री नाही.

*

आमचा ग्रुप चौघांचा. देवराव भाऊ, निवृत्त वनरक्षक. प्रशांत भाऊ, घुग्घुसच्या कोळसा खाणीत डंपर चालवतात. सुमनबाई, धानोऱ्याकडच्या एका गावातल्या अंगणवाडी सेविका. लेक मूल गावात दिलेली, म्हणून महिन्यातून एकदा इकडे येतात. आणि मी, शाळेत विज्ञान शिकवणारी आणि घरी कशाचीच खात्री नसणारी.

कॅमेरा कोणता घेऊ, असं विचारलं की जगातला प्रत्येक माणूस स्वतःकडचा सांगतो. देवराव भाऊंकडे जुना, दणकट, लांब नळकांड्याच्या लेन्सचा कॅमेरा आहे. ते म्हणाले, "बाई, कॅमेरा वजनदार पाहिजे. हलका कॅमेरा म्हन्जे खेळनं."

मला वजनाचीच भीती. पोरगी काखेत, कॅमेरा गळ्यात, जमेल का? विज्ञानाची बाई म्हटल्यावर प्रयोग करणं आलं. इंटरनेटवर त्या कॅमेऱ्याचं आणि लेन्सचं वजन बघितलं, तेवढे तांदूळ कापडी पिशवीत भरले, पिशवी ओढणीने गळ्यात बांधली आणि सुट्टीचा अख्खा दिवस तशीच वावरले. पोळ्या लाटल्या, कपडे वाळत घातले, गार्गीला उचलून दोनदा जिना चढले.

संध्याकाळी शेजारच्या काकूंना राहवलं नाही. कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, सकाळपासून पाहून राह्यली. कोनता नवस बोलल्या?"

"कॅमेऱ्याचा," मी म्हटलं.

काकूंनी हात जोडले. "पावते पावते. पन तांदूळ मंग देवळात द्या लागन, घरी नोका शिजवू!"

*

देवराव भाऊंचा कॅमेरा बाद झाला. मग प्रशांत भाऊंची पाळी.

प्रशांत भाऊंचं सगळं लक्ष धुळीवर. घुग्घुसच्या रस्त्याला राहणाऱ्या माणसाचं असणारच. त्यांचा कॅमेरा नव्या पद्धतीचा, छोटा, बिनआवाजाचा. पण तो क्वचितच दिसतो, कारण एका पिशवीत दुसरी पिशवी आणि तिच्या आत उशीचा अभ्रा, अशा थाटात तो राहतो. लेन्स बदलायची झाली की भाऊ मच्छरदाणीत जाऊन बसतात. बाहेरून वाटतं, आत कोणी आजारी आहे!

एकदा त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला. कोळशाच्या ट्रकांची रांग, बाजूला पाण्याचं डबकं आणि काठावर एक काळाभोर बगळा. खाली लिहिलं होतं, "जिल्ह्यात पहिली नोंद?"

दोन दिवस आम्ही पुस्तकं पालथी घातली. देवराव भाऊंनी तर चोचीवरून आणि पायांवरून निकालच दिला, "हा समुद्राकडचा हाये. रस्ता चुकला त्याचा." समुद्र इथून केवढ्या लांब! पण वनखात्यात उभी नोकरी केलेल्या माणसाला कोण विचारणार? मीसुद्धा शाळेत दोन वर्गांना तो फोटो दाखवला. फळ्यावर 'स्थलांतर' असा शब्द लिहून!

तिसऱ्या दिवशी प्रशांत भाऊंनी दुसरा फोटो टाकला. तोच बगळा, तेच डबकं. फक्त आता तो डबक्यात उतरून उभा होता. पोटापासून खाली पांढराशुभ्र, वर काळा.

खाली एकच ओळ होती: "अर्धा धुतला."

*

उन्हाळ्याच्या तोंडाशी अमितला अचानक उत्साह आला. 'नको घेऊस' म्हणणाऱ्या माणसाने मोबाइलवर कॅमेऱ्यांची इतकी परीक्षणं बघितली, की झोपेतही मेगापिक्सेल बोलायला लागला. एका रविवारी ग्रुपला घरी चहाला बोलावून त्याने एका कॅमेऱ्याचं माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखवलं. बर्फात चालतो, पावसात चालतो, वाळूत चालतो.

"आनि पुढं?" देवराव भाऊ.

"शून्य ते चाळीस अंश तापमानात उत्तम काम करतो."

कूलर घरघरत होता. बाहेर चंद्रपूरचा एप्रिल होता.

"चाळीस?" प्रशांत भाऊंनी विचारलं.

"चाळीस."

देवराव भाऊंनी बशीतला चहा संपवला. "मंग असं करा जमाईबाबू. कॅमेरा घ्या, आनि मार्च ते जून त्याले मामाच्या गावी धाडा!"

*

शेवटी मीच गार्गीला घेऊन चंद्रपूरच्या एका दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा हुशार होता, पण वाक्याला एक 'फीचर' याप्रमाणे बोलायचा.

"मॅडम, हा डोळा पकडतो. माणसाचा, पक्ष्याचा, वाघाचा. समोरचा कितीही हलला तरी डोळा सोडत नाही."

मला वाटलं, हाच! मी कॅमेऱ्यात बघायचं आणि कॅमेऱ्याने पोरीवर डोळा ठेवायचा. "हिच्यावर दाखवा," म्हटलं.

गार्गी दुकानात तीन फेऱ्या मारून काउंटरखालून निघाली होती. त्याने कॅमेरा तिच्यावर धरला. पडद्यावरचा हिरवा चौकोन तिच्यामागे धावला, दरवाजावर गेला, पंख्यावर गेला आणि शेवटी गल्ल्यावरच्या देवीच्या तसबिरीत, देवीच्या डाव्या डोळ्यावर जाऊन घट्ट बसला. हलेच ना! गार्गी इकडे ट्रायपॉडवर चढत होती.

मी मुलाकडे बघितलं. तो क्षणभर गडबडला, पण विक्रेता तो विक्रेताच.

"मॅडम, साक्षात देवीची नजर आहे. आता मागेपुढे बघू नका!"

मी मागेपुढेच बघत होते, कारण ट्रायपॉड हलायला लागला होता. कॅमेरा न घेता आले.

*

त्या दुकानात मला एकच गोष्ट मनापासून आवडली होती: आवाज न करता फोटो निघणं. पक्षी उडत नाही, लेकरू दचकत नाही. तसा कॅमेरा प्रशांत भाऊंकडे होताच. तो मी अभ्र्यासकट मागून सुमनबाईंच्या गावी नेला.

सुमनबाईंबद्दल सांगायचं राहिलंच. आमच्यात सगळ्यात चांगले फोटो त्यांचे असतात आणि त्यांच्याकडे कॅमेरा नाही! अंगणवाडीतल्या पोरांचे फोटो सरकारी ॲपवर टाकायला जो मोबाइल वापरतात, त्यावरच सगळं चालतं. तर त्यांच्या शेजारी एक आजी सूप घेऊन ओसरीत बसल्या होत्या. तिरपं ऊन, सुरकुत्या, सुपात मोहफुलं. विचारलं, "आजी, फोटो काढू?" आजींनी पदर सारखा केला, सूप उचलून धरलं आणि ताठ बसल्या. मी सहा फोटो काढले, हात जोडले आणि सुमनबाईंकडे चहाला गेले.

चहा झाला, मुरमुरे झाले, गार्गीचं शी-शू झालं. परत आले तर आजी तशाच. सूप हवेत. मान ताठ. डोळ्यांची उघडझापही बेतानेच.

"आजी, झाले न फोटो!"

आजींनी ओठ न हलवता विचारलं, "कवा? आवाज त आला नाई."

सूप खाली घ्यायला मी धावले. मागून सुमनबाई म्हणाल्या, "मॅडम, आपल्याकडं जंगलात चाल्लं त बोलत चालते मानूस, खोकलत चालते. आपन आहो हे समोरच्याले समजलं पाह्यजे. हे चोरावानी मशीन काऊन घेता?"

त्या दिवशी माझ्या यादीत पहिली अट पक्की झाली. आवाज करणारा कॅमेरा!

*

आणि दुसरी अट त्याच परतीच्या एसटीत सुचली. पोटापाशी धरायचा कॅमेरा! मागचा पडदा बाहेर वळणारा. विहिरीत वाकून बघावं तसं पडद्यात बघायचं. डोळे दोन्ही उघडे, मान जरा वर केली की पोरगी समोर.

पुन्हा त्याच दुकानात गेले. या वेळी एकटी.

"हा व्हिडिओवाले घेतात मॅडम," तो मुलगा म्हणाला. "तुम्हाला पक्ष्यांचे फोटो काढायचेत ना? मग हा कशाला?"

"पक्षी उडाला तर उडू दे. मला पोरगी दिसली पाहिजे."

"पोरगी?" त्याने काउंटरखाली वाकून बघितलं. मग दरवाजाकडे. मग घाईघाईने ट्रायपॉडकडे. "आज आणली नाही ना?"

"नाही."

"मग घ्या, घ्या! कॅमेऱ्याबरोबर पिशवी फुकट देतो!"

*

कॅमेरा घेतला तेव्हा मोहफुलं संपत आली होती. सुमनबाईंचा निरोप आला: "धनेश येऊन राह्यला. बांधावरच्या झाडाच्या ढोलीत मादी हाये. लौकर या." राखी धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते, दार आतून लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून भरवतो. हा फोटो मला केव्हापासून हवा होता. पण बांधाच्या पलीकडे जंगल. गार्गीला नेऊ की नको, यावर आणखी एक रात्र गेली.

"आमची लेकरं कुठी ठेवतो आम्ही?" सुमनबाई फोनवर म्हणाल्या. "आना."

पहाटे पोचलो. पाच बाया मोह वेचायला निघाल्या होत्या. त्यांची रीत अशी: चौघींनी वाकून वेचायचं, पाचवीने काठी घेऊन, त्यांच्याकडे पाठ आणि जंगलाकडे तोंड करून उभं राहायचं. तिने फुलाला हात लावायचा नाही, खाली बघायचं नाही. एक टोपली भरली की पाळी बदलायची.

गार्गी सगळं बघत होती. शेजारच्या पोरांत राहून तिची बोली माझ्यापेक्षा इथली झालीय. "ही आजी काम काऊन नाई करत?" तिने काठीवालीकडे बोट दाखवलं.

"तेच त मोठं काम हाये, बाई," सुमनबाई म्हणाल्या.

आम्ही झाडापासून लांबच थांबलो. नर आला. चोचीत फळ. मी कॅमेरा पोटापाशी धरला, पडदा वळवला, आणि माझी दुसरी अट मातीत गेली! सकाळचं ऊन थेट पडद्यावर. धनेश नाही, झाड नाही, नुसता माझाच घाबरलेला चेहरा.

डोळा लावायलाच हवा होता. नाहीतर घरी जायला हवं होतं.

"गार्गी, माझा कुर्ता धर. सोडायचा नाही."

तिने धरला. कुर्त्याला ओढ बसली, तेव्हा मी एक डोळा मिटला. नर ढोलीपाशी चिकटला. फटीतून चोच बाहेर आली. एक फळ दिलं. खट्. घशातून दुसरं काढलं. खट्. तिसरं. खट् खट्. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग कळलं, कुर्त्याला ओढ नाही.

मी इतक्या जोरात वळले की कॅमेरा छातीवर आदळला.

गार्गी दोन पावलांवर होती. माझ्याकडे पाठ, जंगलाकडे तोंड. हातात पळसाची एक वाळकी काटकी, तिच्याहून उंच. हनुवटी वर. मागे धनेश ओरडला, तरी मान वळली नाही. चारही बाया वेचायच्या थांबल्या होत्या. कोणी हसत नव्हतं.

"गार्गी," मी हाक मारली.

तिने जंगलावरची नजर काढली नाही. "झाले फोटो?"

"झाले."

तेव्हा कुठे ती वळली. काटकी माझ्या हातात दिली, गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा खाली ओढला आणि म्हणाली,

"मंग आता तू इथी उभी राह्य. माझी पाळी."